विसरायच्या बेतात असताना

स्मृतीवरचे बहुतेक प्रयोग तासाभरात आटोपतात. शब्दांची यादी वाचायला द्यायची, मध्ये थोडा वेळ जाऊ द्यायचा आणि किती आठवतंय ते विचारायचं. पण शाळेत जे शिकवतात ते तासाभरापुरतं नसतं. त्यातलं दहा, तीस, पन्नास वर्षांनी काय उरतं? हे शोधायचं तर पन्नास वर्षं थांबायची तयारी हवी, आणि तेवढं आयुष्य कुठल्याच संशोधकाच्या हाताशी नसतं.

अमेरिकेतल्या ओहायो वेस्लियन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ हॅरी बाहरिक यांनी यातून वाट काढली. एकाच माणसाच्या मागे पन्नास वर्षं राहण्याऐवजी त्यांनी वेगवेगळ्या काळी शिकून बाहेर पडलेली माणसं गाठली. कुणी नुकतंच स्पॅनिश शिकलेलं, कुणी पंचवीस वर्षांपूर्वी, कुणी पन्नास. अशा ७३३ जणांची त्यांनी स्पॅनिशची परीक्षा घेतली. तेव्हा ती भाषा किती शिकला होता, गुण काय मिळाले होते, नंतर कधी वापरलीत का, हेही विचारलं. १९८४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पहिल्या तीन ते सहा वर्षांत भराभर गळती होते. मग ती थांबते. तोवर जे टिकलं ते पुढे पंचवीस-तीस वर्षं जवळजवळ तसंच राहतं, आणि तेही मधल्या काळात भाषा फारशी वापरलेली नसताना! ध्रुवाजवळच्या कायम गोठलेल्या जमिनीला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. त्यावरून बाहरिक यांनी स्मृतीच्या या कोठाराला ‘पर्मास्टोअर’ असं नाव दिलं.

मग या कोठारात काय जातं आणि काय बाहेरच राहतं? उत्तराचा मोठा भाग बीजगणितानं दिला. १९९१ मध्ये बाहरिक आणि लिंडा हॉल यांनी १७२६ जणांच्या बीजगणिताची अशीच तपासणी केली. शाळेत बीजगणित सारखंच चांगलं येणाऱ्या दोन विद्यार्थ्यांची कल्पना करा. एकानं शाळेनंतर गणिताला रामराम ठोकला. दुसरा कॉलेजात कलनशास्त्राच्याही पुढचं गणित शिकला. पहिल्याचं बीजगणित वर्षांगणिक ओसरत जातं आणि पन्नास वर्षांनी त्याची उत्तरं अंदाजपंचे दिल्यासारखीच येतात. दुसऱ्याचं पन्नास वर्षांनीही जवळपास शाबूत असतं. शाळेतल्या गुणांवरून त्या वेळी कुणाला किती येत होतं ते कळतं. ते किती वर्षं टिकेल याचा अंदाज मात्र त्यावरून फारसा बांधता येत नाही. आपण मुलांच्या गुणपत्रिकेकडे ज्या भक्तिभावानं पाहतो, तो आठवून हे वाचताना मी थबकलो.

यावर एक रास्त शंका घेता येते. पुढचं गणित निवडणारे मुळातच वेगळे असतील तर? गणिताची ओढच त्यांना तारत असेल तर? माणसं शोधून त्यांची परीक्षा घेणाऱ्या कुठल्याही अभ्यासात ही शंका पूर्ण फिटत नाही. त्यासाठी प्रयोगच करावा लागतो.

तो प्रयोग बाहरिक यांनी घरातच केला. ते स्वतः, त्यांची पत्नी आणि दोन मुली अशा चौघांनी प्रत्येकी ३०० परकी शब्द शिकायला घेतले. शब्द आठवायचा, चुकला की उत्तर पाहायचं, पुन्हा प्रयत्न करायचा. शब्दांचे गट पाडले होते. काही शब्दांची बैठक दर १४ दिवसांनी होई, काहींची २८ आणि काहींची ५६ दिवसांनी. काही शब्दांच्या वाट्याला १३ बैठका आल्या, काहींच्या २६. शेवटची बैठक झाल्यावर एक, दोन, तीन आणि पाच वर्षांनी परीक्षा. सगळं मिळून जवळपास नऊ वर्षं लागली. १९९३ साली आलेला निष्कर्ष असा, की ५६ दिवसांच्या अंतरानं झालेल्या १३ बैठकांनी जेवढं टिकलं, साधारण तेवढंच टिकायला १४ दिवसांच्या अंतरानं २६ बैठका लागल्या. म्हणजे निम्म्या कष्टात तेवढंच पीक. माणसं चारच होती हे खरं. पण अंतर ठेवून केलेली उजळणी जास्त टिकते, हे एकोणिसाव्या शतकात जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवर केलेल्या प्रयोगांपासून पुन्हा पुन्हा दिसत आलं आहे.

या पद्धतीची किंमत मात्र शिकताना मोजावी लागते. दोन महिन्यांनी बसलं की बरेच शब्द उडालेले असतात, चुका होतात, आपण मागे पडतोय असं वाटतं. पण हे अडखळणंच कामाचं असतं. विसरायच्या बेतात असलेली गोष्ट ओढून बाहेर काढावी लागली की ती घट्ट बसते. समोर ताजी असलेली गोष्ट पुन्हा वाचली तर असं काही होत नाही, फक्त ओळखीची वाटते. अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली हे स्पष्ट दाखवलं. एका गटानं उतारा चार सत्रांत वाचला. दुसऱ्यानं एकाच सत्रात वाचला आणि पुढच्या तिन्ही सत्रांत न बघता जेवढं आठवेल तेवढं लिहिलं. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्यानं पारडं फिरलं: वाचणारे ४० टक्क्यांवर, आठवून लिहिणारे ६१ वर. आणि आपल्याला नक्की आठवेल याची जास्त खात्री होती ती वाचणाऱ्यांनाच. परीक्षेच्या आदल्या रात्री सगळं पुस्तक वाचून काढणाऱ्या मुलाला आपण आळशी समजू नये. त्याला खरंच वाटत असतं की आता सगळं येतंय.

हे शाळकरी वयापुरतंच असेल असं वाटेल, पण याच्या खुणा पाळण्यातही सापडतात. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ कॅरोलिन रोवी-कोलियर तान्ह्या बाळाच्या घोट्याला मऊ रिबीन बांधत आणि तिचं दुसरं टोक वर टांगलेल्या खेळण्याला. पाय झाडला की खेळणं हलतं, हे बाळाला काही मिनिटांत उमगतं आणि ते जोरात पाय झाडू लागतं. तीन महिन्यांचं बाळ हे आठवडाभर लक्षात ठेवतं, मग विसरतं. पण दोन किंवा अगदी चार आठवड्यांनीही, परीक्षेच्या आदल्या दिवशी त्याला ते खेळणं नुसतं हलताना दाखवलं, की दुसऱ्या दिवशी पाय पुन्हा झाडू लागतात. म्हणजे पुसलं गेलंय असं वाटत होतं ते आत शिल्लक होतं, फक्त हाताला लागत नव्हतं. पुढे असंही दिसलं, की पहिला धडा विसरायला आला असताना दुसरा दिला तर तो लगेच दिलेल्या धड्यापेक्षा कितीतरी जास्त दिवस टिकतो. ज्याला अजून मानही नीट सावरता येत नाही, त्याच्या बाबतीत!

आयुष्याच्या दुसऱ्या टोकाला याचा उपयोग उपचारासारखा होतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कॅमरन कँप यांनी अल्झायमर झालेल्यांसाठी ही रीत रुजवली. समजा, आजोबांना आपल्या खोलीचं दार ओळखता येत नाही. त्यांना सांगायचं, ‘तुमच्या खोलीचं दार निळं आहे,’ आणि लगेच विचारायचं, ‘तुमच्या खोलीचं दार कसलं?’ ते म्हणतात, ‘निळं.’ मग अर्ध्या मिनिटानं तोच प्रश्न. मग एका मिनिटानं, दोन, चार, आठ. मधल्या वेळात इकडच्या तिकडच्या गप्पा चालू. उत्तर चुकलं तर परीक्षा घेत बसायचं नाही. बरोबर उत्तर सांगायचं, त्यांच्या तोंडून म्हणवून घ्यायचं आणि आधी जमलेल्या अंतरावर परत यायचं. पुढच्या बैठकीला हा सराव कधी झाला होता हेच पुष्कळांना आठवत नाही. प्रश्न विचारला की ‘निळं’ मात्र येतं.