ज्येष्ठांची वकिली

ज्येष्ठांची वकिली म्हणजे साठी ओलांडलेल्या माणसांचं मृत्युपत्र, बक्षीसपत्र, पोटगी, घराचा ताबा, आजारपणातले निर्णय असली कामं बघणारी वकिली. अमेरिकेत ही वेगळी शाखा आहे, परीक्षा देऊन त्यात स्पेशालिस्ट म्हणून सर्टिफिकेटही मिळतं. आपल्याकडे बार कौन्सिलचं असं काही सर्टिफिकेट नाही, त्यात वकिलांना जाहिरात करायलाही बंदी, त्यामुळे दिवाणी किंवा फॅमिली कोर्टाची कामं करता करता एखादा वकील या कामात मुरत जातो आणि पक्षकार येतात ते एकमेकांना सांगून, नाहीतर ज्येष्ठ नागरिक संघातलं एखादं व्याख्यान ऐकून.

यातला मुख्य कायदा २००७ चा, आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा. महाराष्ट्रात अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडे करायचा, तेच न्यायाधिकरण, आणि अपील जिल्हाधिकाऱ्यांकडे. मुलांकडून मिळायची पोटगी जास्तीत जास्त महिना १०,००० रुपये, हा आकडा २००७ पासून तसाच आहे, पुण्या-मुंबईत एवढ्यात दिवसभराची आयासुद्धा मिळणं मुश्किल. गंमत म्हणजे कलम १७ प्रमाणे या न्यायाधिकरणापुढे वकील उभाच राहू शकत नाही, म्हातारा माणूस कोर्टबाजीत अडकू नये हा हेतू. केरळ हायकोर्टाने २०२१ मध्ये हे कलम वकिलांच्या कायद्याशी विसंगत ठरवलं, तरी कलम पुस्तकात आहेच. म्हणून अर्ज नीट लिहून देणं, कागद लावून देणं, साहेबांपुढे काय बोलायचं ते आजोबांना समजावणं असं पडद्यामागचं काम वकिलाकडे येतं.

पण खरं कौशल्य लागतं ते भांडणाच्या कितीतरी आधी, बक्षीसपत्र लिहिताना. आजी फ्लॅट मुलाच्या नावावर करते, वर्षभरात सूर बदलतो, आणि मग याच कायद्याचं कलम २३ आठवतं, की सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळलं नाही तर परत मिळते. अट मात्र असायला हवी. २०२२ मध्ये सुदेश छिकारा खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नुसतं प्रेमापोटी दिलं म्हणून अट गृहीत धरता येत नाही. जानेवारी २०२५ मध्ये ऊर्मिला दीक्षित खटल्यात मात्र कायद्याचा उदार अर्थ लावून कोर्टाने आईने मुलाला दिलेलं बक्षीसपत्र रद्द केलं आणि ताबाही परत द्यायला लावला, तिथे मुलाने सांभाळायचं वेगळं लिहून दिलेलं होतं. तेव्हा शहाणा वकील ती एक ओळ दस्तातच घालतो, हयातीपर्यंत राहायचा हक्क स्वतःकडे ठेवायला लावतो, किंवा सरळ म्हणतो की आजी बक्षीसपत्र कशाला, मृत्युपत्र करा, ते हवं तेव्हा बदलता येतं. मृत्युपत्राला दोन साक्षीदार पुरतात, रजिस्टर करणं सक्तीचं नाही, तरी करावं आणि डॉक्टरचा दाखला जोडावा. सोसायटीत नॉमिनी लावला म्हणजे तो मालक झाला हा गैरसमज तर प्रत्येक वकिलाला अधूनमधून खोडून काढावा लागतो.

अवघड भाग असतो पक्षकार नेमका कोण हे ठरवायचा, कारण फोन मुलगा करतो, फी मुलगा देतो, बोलतोही तोच, आणि आई शेजारी गप्प बसलेली. मुलाला बाहेर बसवून आईशी एकटीशी बोलल्याशिवाय दस्त करू नये, मुलगा नाराज झाला तरी चालेल. मुलांना घरातून बाहेर काढायच्या अर्जात सून असेल तर आणखी जपून, कारण सुप्रीम कोर्टाच्या २०२० च्या एस. वनिता निकालाप्रमाणे ज्येष्ठांचा कायदा वापरून सुनेचा राहण्याचा हक्क सहज उडवता येत नाही.

स्मृतिभ्रंश झाला की कुलमुखत्यारपत्रही कामाला येत नाही, देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की ते संपतं, अमेरिकेसारखी पुढे चालू राहणारी सोय इथे नाही. मग बँकेतले पैसे काढायलासुद्धा बायको-मुलांना पालक म्हणून नेमून घ्यायला हायकोर्टात रिट याचिका करावी लागते, मुंबई हायकोर्टाने अशा नेमणुका केल्याही आहेत. व्हेंटिलेटर नको वगैरे आधी लिहून ठेवायची मुभा सुप्रीम कोर्टाच्या २०१८ च्या निकालाने मिळाली, २०२३ मध्ये ती प्रक्रिया सोपी झाली, आता त्यावर दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही चालते. वकील परवडत नसेल त्यांच्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, आणि १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन.