कर्करोगजन्य जलोदर

प्रगत कर्करोगात पर्युदराच्या, म्हणजे पोटातील अवयवांभोवतीच्या आवरणाच्या, पोकळीत पाणी साचणे. बीजकोश, जठर, स्वादुपिंड, मोठे आतडे व स्तन यांच्या कर्करोगांत हे विशेष आढळते. पोट टम्म होते, दोन घासांत भरल्यासारखे वाटते, आडवे पडले की दम लागतो.

पर्युदरावर कर्कपेशींची पेरणी झाली की तेथील केशवाहिन्या पाझरतात आणि जादा पाणी वाहून नेणाऱ्या लसीकावाहिन्या तुंबल्याने पाणी शोषले जात नाही. यकृतात गाठी पसरल्या असतील, तर मात्र आतड्यांकडून यकृतात रक्त नेणाऱ्या पोर्टल शिरेतील दाब वाढून पाणी होते. उपचार ठरतो तो या फरकावर. रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन पोटातल्या पाण्यातल्यापेक्षा दर डेसिलिटरला १.१ ग्रॅम किंवा त्याहून जास्त असेल, तर कारण दाबाचे समजतात आणि स्पायरोनोलॅक्टोन, फ्युरोसेमाइड या लघवी वाढवणाऱ्या औषधांचा गुण येऊ शकतो. एरवी लघवीच्या गोळ्यांनी पोट फारसे उतरत नाही, रक्तदाब उतरतो. तरीही त्या सर्रास दिल्या जातात.

सर्वांत भरवशाचा उपाय पाणी काढण्याचा. रुग्णालयात सगळे त्याला ‘टॅपिंग’च म्हणतात. सोनोग्राफीने जागा पाहून, बहुधा पोटाच्या डाव्या खालच्या भागात, तेवढ्या जागेपुरती भूल देऊन सुई घालतात. त्याआधी त्वचा जराशी खाली ओढून धरतात. सुई निघाल्यावर वरचे आणि आतले छिद्र एका रेषेत राहत नाही, म्हणून नंतर पाणी झिरपून कपडे भिजत नाहीत. सुश्रुतसंहितेतही नाभीखाली डावीकडेच वेध घ्यावा आणि सगळे पाणी एकाच दिवशी काढू नये, असे सांगितले आहे. आज पाच लिटरपर्यंत पाणी सहसा सलाइन किंवा अल्ब्युमिन न देता काढतात. आराम काही तासांत पडतो, पण बरेचदा एक-दोन आठवड्यांत पोट पुन्हा भरते.

वारंवार टॅपिंग लागत असेल, तर त्वचेखालून कायमची नळी बसवतात. घरची माणसे शिकून घेऊन थोडे थोडे पाणी काढू शकतात. जंतुसंसर्ग आणि नळी तुंबणे हे तिचे धोके. बीजकोशाच्या कर्करोगात केमोथेरपीने पाणी आटू शकते, म्हणून तेथे आधी तिचा विचार होतो. या जलोदरावरच्या कॅटुमॅक्सोमॅब या प्रतिपिंड-औषधाला युरोपात २००९ साली मान्यता मिळाली, २०१७ मध्ये ती मागे घेण्यात आली आणि २०२५ मध्ये पुन्हा देण्यात आली.

‘पाणी कमी प्या’ हा शेजाऱ्यापाजाऱ्यांचा सल्ला बहुतेकांच्या कामाचा नाही. त्याने तहान तेवढी वाढते. थोडे थोडे, पण अनेकदा खाणे आणि उशीला टेकून बसणे बरे पडते. रुग्णाच्या हाती थोडेच दिवस असतील, तर सुई न टोचता धाप व वेदना यांसाठी मॉर्फिन देतात.