मिक्सोलिडियन म्हणजे खमाज?

पेटीवर पांढरी पाचला सा धरा आणि एकही काळी पट्टी न लावता तार सापर्यंत जा. सगळे स्वर शुद्ध लागतात, निषाद तेवढा कोमल. हा मिक्सोलिडियन मोड, म्हणजे पाश्चात्त्य संगीतातल्या सात स्वरांच्या ठरावीक रचनांपैकी एक. आपल्याकडच्या वर्गांत ‘म्हणजे आपला खमाज’ असं सांगून विषय मिटवला जातो.

नाव ग्रीक आहे, पण ग्रीकांचा मिक्सोलिडियन हा नव्हेच. त्यांची त्या नावाची स्वररचना आजच्या पांढरी सातवरून निघते, आणि तिथे सा धरला तर पंचमच सापडत नाही! नवव्या-दहाव्या शतकाच्या सुमारास लॅटिन ग्रंथकारांनी जुनी नावं चर्चगायनातल्या मोडना चिकटवली, त्यात हा घोळ झाला. १५४७ मध्ये आठाचे बारा मोड मांडले गेले, तरी नाव तेच राहिलं. पुढे तिकडे शेवटी सावर येताना निषाद चढवायची सवय मुरली आणि मेजर, म्हणजे सगळे स्वर शुद्ध असलेली पट्टीच उरली. कोमल निषाद पुन्हा कानावर आला तो विसाव्या शतकात. आधी लोकगीतांच्या संकलनांतून, मग पन्नाशीच्या दशकाअखेरच्या जॅझमधून आणि साठीच्या रॉकमधून. गिटारवाली पोरं त्याला ओळखतात ती इथूनच.

खमाजशी सांगड घालणं शक्य झालं ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानी राग दहा थाटांत, म्हणजे स्वरांवरून केलेल्या गटांत, बसवले गेल्यामुळे. खमाज थाटाचे स्वर आणि कर्नाटक पद्धतीतल्या ७२ मेळांपैकी (मेळ म्हणजे तिकडचे थाट) २८वा, हरिकांभोजी, यांचे स्वर एकच. थाटापुरतं समीकरण चोख आहे. गोंधळ होतो तो थाटाला आणि रागाला एकच नाव ठेवल्यामुळे. खमाज रागात आरोही रिषभ नाही आणि वर जाताना निषाद शुद्ध: ग म प ध नि सां. कोमल निषाद येतो उतरताना. देसमध्येही निषादाचं तसंच. तिलक कामोदात तर बहुधा शुद्ध निषादच ऐकू येतो, तरी मुक्काम खमाज थाटात! थाट ही रागांची कपाटं आहेत, सोय म्हणून केलेली. पण परीक्षांच्या पुस्तकांनी ती रागांच्या वर नेऊन बसवली. म्हणून मोड शिकलेला मुलगा खमाज गायला बसतो आणि पहिल्याच आरोहात कोमल निषाद लावून मोकळा होतो.

वर्गात उदाहरण द्यायचंच तर झिंझोटी रागाचं द्यावं. तिथे निषाद बहुतांशी कोमलच राहतो आणि रिषभही चढताना गळत नाही.