वेल्डरच्या टेस्टमधली जाडी आणि रॉडचे गट, हे नियम आले कुठून

सोलापूर जिल्ह्यात गळीत हंगाम संपला की साखर कारखान्यांत बॉयलरची कामं निघतात, ट्यूबा बदलायच्या, स्टीम लाइनचे जॉइंट कापून परत मारायचे, आणि अग्निप्रदीपनाच्या आत सगळं उरकायचं. त्या गडबडीत वेल्डरच्या टेस्ट होतात आणि तोच घोळ पुन्हा दिसतो, पाइप ११ मिमीचा होता ना, मग सर्टिफिकेटवर सरसकट "२२ मिमीपर्यंत" लिहून मोकळे. हे चुकीचं आहे, आणि का ते कळायला जरा मागं जावं लागतं.

बॉयलर फुटून माणसं मरायची म्हणून कायदे आले. कलकत्त्यात १८६३ ला बॉयलर फुटला आणि १८६४ ला बंगालचा कायदा झाला. अमेरिकेत २० मार्च १९०५ ला ब्रॉकटनच्या बुटांच्या कारखान्यात बॉयलर फुटून ५८ जण गेले, मग १९०७ ला मॅसॅच्युसेट्स राज्याचा कायदा आणि १९१४ चा एएसएमईचा, म्हणजे अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेचा, बॉयलर कोड. आपल्याकडे देशभरासाठी १९२३ चा बॉयलर्स अॅक्ट आला, तो २०२५ च्या नव्या कायद्यापर्यंत चालला. सोलापूरची जुनी मिल १८७७ ची, त्या काळात बॉयलर म्हणजे रिव्हेट ठोकून केलेलं काम, रिव्हेट सैल आहे का ते हातोडीच्या आवाजावरून तरी कळायचं. वेल्डिंगचं तसं नाही, वरून कॅप म्हणजे शेवटचा थर कितीही सुंदर दिसला तरी आत रूट म्हणजे तळाचा पहिला थर नीट वितळून बसलाय की नाही हे डोळ्याला दिसत नाही. म्हणून ज्याच्या हातून जॉइंट होणार त्याचीच परीक्षा घ्यायची असं ठरलं, आणि १९४१ पासून एएसएमईने वेल्डिंगच्या परीक्षांसाठी सेक्शन ९ हा वेगळाच भाग काढला.

त्यात दोन परीक्षा वेगळ्या ठेवल्या, आणि सगळं समजणं इथेच अडतं. धातूची ताकद, कडकपणा, उष्णतेचा परिणाम हे प्रोसिजरच्या, म्हणजे वेल्डिंगच्या ठरवलेल्या पद्धतीच्या, टेस्टमध्ये बघायचं. वेल्डरच्या टेस्टमध्ये फक्त हात बघायचा, म्हणजे याला चांगला जॉइंट मारता येतो का एवढंच. एकदा हे धरलं की जाडीचा नियम सरळ होतो, कारण वेल्डरने पाइपची जाडी केलेली नसते, त्याने भरलेला मेटल तेवढा त्याचा. म्हणून कूपनची, म्हणजे टेस्टच्या तुकड्याची, नाही तर भरलेल्या वेल्ड मेटलची जाडी मोजायची, प्रत्येक प्रोसेसची (आर्गन, रॉड) वेगळी, आणि त्याच्या दुप्पट जाडीपर्यंत तो वेल्डर पास. भरलेला मेटल १३ मिमी किंवा जास्त आणि किमान तीन लेयर असतील तर वरची मर्यादाच नाही.

आता तोच पाइप घेऊ, ६ इंची शेड्यूल ८० (पाइपच्या जाडीचा वर्ग), जाडी १०.९७ मिमी, ६जी पोझिशन म्हणजे पाइप ४५ अंशात तिरका आणि न फिरवता. रूट आर्गनने (टिग वेल्डिंगने) मारला, साधारण ३ मिमी, आणि उरलेले ८ मिमी ७०१८ या लो हायड्रोजन रॉडने भरून कॅपिंग केलं. तर हा माणूस आर्गनला ६ मिमीपर्यंत आणि रॉडला १६ मिमीपर्यंत पास, बास. उद्या त्याच्याकडून १० मिमीचा जॉइंट पूर्ण आर्गनने मारून घेतला तर तो त्याच्या रेंजबाहेर आहे, मग हात कितीही चांगला असो. शिवाय ६ इंची पाइपवरची टेस्ट ७३ मिमी आणि त्यावरच्या व्यासालाच चालते, म्हणजे २ इंची बॉयलर ट्यूबला नाही चालत, हे पण बरेच जण विसरतात.

रॉडच्या गटांचं मूळही हातातच आहे. वेगवेगळ्या कोटिंगचे रॉड बाजारात वाढत गेले, लो हायड्रोजन रॉड दुसऱ्या महायुद्धात चिलखती पोलादाला तडे जाऊ नयेत म्हणून पुढे आले, आणि प्रत्येक रॉडला वेगळी टेस्ट घेत बसलं तर कामच होणार नाही, म्हणून चालवायला सारखे असणारे रॉड एका एफ नंबरखाली टाकले. ६०१३ एफ२ मध्ये, ६०१० एफ३ मध्ये, ७०१८ एफ४ मध्ये. ७०१८ ला आर्क एकदम आखूड धरावा लागतो, म्हणून ७०१८ वर पास झालेला खालचे तिन्ही गट (एफ१ ते एफ३) बॅकिंगसह, म्हणजे जॉइंटच्या मागे आधार असताना, चालवू शकतो, पण ६०१३ वर पास झालेला ७०१८ नाही धरू शकत. आर्गनच्या रूटवर ७०१८ मारला तर तो रूटच बॅकिंग धरला जातो, त्यामुळे नुसत्या ७०१८ ने उघडा रूट मारायची परवानगी त्यातून मिळत नाही.

मला सगळ्यात आवडतं ते आर्गनच्या तारेचं. साध्या पोलादाची ७०एस-२ आणि स्टेनलेसची ३०८एल, दोन्ही एफ६. धातू पार वेगळा, पण टॉर्च आणि तार धरायची पद्धत तीच, म्हणून गट एक. तेच स्टेनलेसचा ३०८एल रॉड घेतला तर तो एफ५, तिथे ७०१८ ची टेस्ट कामाला येत नाही.

युरोपही शेवटी याच बाजूला आला. १९९२ च्या ईएन २८७-१ या युरोपच्या वेल्डर टेस्टच्या मानकात वेल्डरची रेंज मूळ धातूच्या गटावर ठरायची, २०१२ च्या आयएसओ ९६०६-१ ने ती फिलरच्या, म्हणजे भरायच्या रॉड-तारेच्या, गटावर आणली.

आणि कारखान्याच्या बॉयलरवर काम असेल तर आयबीआरचं (इंडियन बॉयलर रेग्युलेशन्सचं) वेल्डर सर्टिफिकेट वेगळं लागतं, १९५० च्या रेग्युलेशनमधून आलेलं, एएसएमईची टेस्ट पास आहे म्हणून ते आपोआप मिळत नाही. एएसएमईच्या कामाला मात्र कूपन मारतानाच रूट झाल्यावर गेज लावून आर्गनची जाडी लिहून घ्यायची, कॅपिंग झाल्यावर ती पुन्हा मोजता येत नाही.