सोडायला, पण कुठपर्यंत?

पुण्याचा मुलगा शिकायला अमेरिकेला निघाला की निम्मं घर गाडी करून मुंबईला, सहारच्या विमानतळापर्यंत जायचं आणि निरोप दारातच व्हायचा. त्या अमेरिकेत आता काही विमानतळांवर तिकीट नसलेल्यांनाही तपासणी करून थेट गेटपर्यंत सोडतात. पण ही सोय नवी नाही, जुनीच परत आली आहे.

१९७३च्या जानेवारीपर्यंत तिथे प्रवाशांची सरसकट तपासणीच नव्हती. आधीच्या पाच वर्षांत शंभराहून जास्त विमान-अपहरणं झाली, तेव्हा कुठे मेटल डिटेक्टर बसले. तरी अट तपासणीची होती, तिकिटाची नाही. आजी-आजोबा यंत्रातून गेले की नातवाला गेटपर्यंत पोचवून येत. ११ सप्टेंबर २००१ नंतर हे बंद झालं. वास्तविक त्या दिवशीचे एकोणीसच्या एकोणीस अपहरणकर्ते तिकीट काढूनच बसले होते! मला वाटतं, बंदीचं खरं कारण रांग हे असावं. कसून तपासायचं तर माणसं कमी हवीत.

दार पुन्हा किलकिलं केलं पिट्सबर्गच्या विमानतळाने, सप्टेंबर २०१७मध्ये. तिथे १९९२मध्ये सुरक्षेच्या पलीकडे दुकानांची मोठी पेठ थाटली होती. पुढे मोठ्या विमान कंपनीने आपलं केंद्र हलवलं, प्रवासी घटले आणि गिऱ्हाईक आटलं. मग ओळखपत्र पाहून, नाव संशयितांच्या यादीशी ताडून पास द्यायला लागले. सिअ‍ॅटल, टँपा मागून आले. म्हणजे मायेपेक्षा दुकानदारी मोठी, असं म्हणायला हरकत नाही.

आपल्याकडे मात्र पहारा इमारतीच्या दारावरच आहे. काठमांडूहून निघालेल्या विमानाचं डिसेंबर १९९९मध्ये अपहरण होऊन ते कंदाहारला गेलं. त्यानंतर २०००पासून विमानतळांची सुरक्षा राज्य पोलिसांकडून टप्प्याटप्प्याने सीआयएसएफकडे, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे गेली. काही विमानतळांवर भेट देणाऱ्यांसाठी तिकीट मिळतं, प्लॅटफॉर्म तिकिटासारखं. पण ते टर्मिनलच्या आतपुरतंच. सुरक्षा तपासणीपलीकडे नाही. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या सुमारास तर तेही बंद करतात.

पुण्याच्या विमानतळाची, लोहगावची गोष्ट आणखी वेगळी. १९३९चा हा ब्रिटिशांचा लष्करी तळ, आजही धावपट्टी हवाई दलाची. नागरी विमानतळ त्याच्या कडेला. नवं टर्मिनल जुलै २०२४मध्ये सुरू झालं. दाराशी डिजियात्रा ही चेहरा पाहून आत सोडणारी यंत्रणा तोंड ओळखते, पण ज्याच्या नावावर बोर्डिंग पास आहे त्याचंच. आईबाबा बाहेर हात हलवत उभे असतात, तोवर मागची गाडी हॉर्न वाजवायला लागते.