ढोरवाट आणि पायवाट: जंगलातल्या फाट्यावर फरक कसा ओळखायचा

सह्याद्रीच्या जंगलात ट्रेकचा ग्रुप चुकतो तेव्हा बहुतेक वेळा पायाखाली वाट असतेच, तीही चांगली मळलेली. फक्त ती माणसांनी मळलेली नसते. गुरांनी मळलेल्या वाटेला गावाकडे ढोरवाट म्हणतात. गावातून गडावर, घाटावर, रानातल्या देवाला किंवा पलीकडच्या वाडीला जाणारी ती पायवाट. दोन्ही जेमतेम फूट-दीड फूट रुंद, दोन्ही झाडीतून नागमोडी जाणाऱ्या, आणि फाट्यावर बघायला गेलं तर ढोरवाटच जास्त ठळक.

हे असं का, याचा हिशोब सोपा आहे. चाळीस गुरांचा कळप सकाळी गेला आणि संध्याकाळी परतला की त्या वाटेवरच्या प्रत्येक हातभर जमिनीवर दिवसाला १६० पाय दोनदा जातात. गडाच्या वाटेवर एखाद्या आठवड्यात पंचवीस जणांचा एकच ग्रुप फिरकलेला असतो. म्हणून "जी जास्त मळलेली ती आपली" हा ट्रेकमध्ये सर्रास वापरला जाणारा नियम गावाजवळच्या रानात नेमका उलटा पडतो.

खरा फरक वाट कशासाठी पडली यात आहे. पायवाटेला एक ठिकाण गाठायचं असतं. ढोरवाटेला गवत, पाणी आणि सावली हवी असते, तेवढं मिळालं की ती विरून जाते. गुरं उतारावर सरळ चढत नाहीत. आडवी चालत, मान पोहोचेल तेवढं वरचं आणि खालचं गवत खात पुढे सरकतात. दुसऱ्या दिवशी थोडं वरून जातात. त्यामुळे उतारावर एकाखाली एक अशा समांतर पायऱ्या पडतात. डोंगराच्या एकाच बाजूला हात-दोन हात अंतरावर चार-पाच आडव्या वाटा दिसल्या तर तो चराईचा भाग समजावा. पायवाट अशी पाच पदरी होत नाही, कारण ओझं घेऊन निघालेला माणूस एकच सोपी रेघ धरतो.

इथे सह्याद्रीची घडण समजून घेतली तर निम्मं काम होतं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे आडवे थर एकावर एक बसले आहेत. टणक थराचा कडा होतो, मऊ थराचा उतार किंवा सपाटी होते. कड्याखालच्या त्या रुंद, झाडीच्या सपाटीला आपण पदर म्हणतो. पदर हे गुरांचं राज्य आहे. माती आहे, गवत आहे, सावली आहे, वर कडा आणि खाली कडा असल्यामुळे गुरं भलतीकडे जात नाहीत. पायवाटेला मात्र कधी ना कधी हा कडा फोडून वर जावंच लागतं, आणि कडा काही मोजक्याच जागी फुटतो: एखादी नाळ (कड्यातली अरुंद घळ), सोंड (डोंगराची खाली उतरत गेलेली रांग), खिंड, किंवा कातळात खोदलेल्या पायऱ्या. नाणेघाटाची वाट नाळेतून चढते. खिरेश्वरकडून हरिश्चंद्रगडाला जाताना आधी तोलार खिंड गाठावी लागते. खांडसहून भीमाशंकरला दोन वाटा जातात. शिडी घाटात कड्याला लोखंडी शिड्या लावल्या आहेत, गणेश घाट वळसा घालून सौम्य चढाने जातो. दोन्ही माणसांच्या वाटा, कडा चढण्याची युक्ती वेगळी. ढोर शिडी चढत नाही, कातळटप्पाही नाही. म्हणून पदरात वाट फुटली की पहिला प्रश्न हाच: यातली कुठली वाट आपल्या नाळेच्या, सोंडेच्या किंवा खिंडीच्या दिशेने जाते? ती जागा कुठे आहे हे निघण्याआधीच नकाशावर पाहून ठेवलेलं असायला हवं.

आता खुणा. शेणावर फार भरवसा ठेवू नका. गावापासून पहिला तासभर गुरं आणि माणसं एकाच वाटेने जातात, त्यामुळे शेण दोन्हीकडे सापडतं. खुरांचे ठसेही तसेच. त्यापेक्षा डोक्याच्या उंचीकडे बघा. गाय-म्हैस साधारण साडेचार फुटांखालून जाते, तिच्या वरच्या फांद्या तशाच राहतात. वाटेवर पाय आरामात पडतायत पण चेहऱ्यावर सतत काटेरी फांद्या येतायत, वाकून चालावं लागतंय, पाठीवरची सॅक अडकतेय, तर ती वाट माणसांसाठी नाही. पायवाटेवर डोक्याच्या उंचीला कोयत्याने तिरकी छाटलेली फांद्यांची टोकं दिसतात, जुनी असली तर करडी पडलेली. पावसाळा सरल्यावर सकाळच्या वेळी आणखी एक खूण मिळते. मोठ्या कोळ्यांची सोनेरी धाग्यांची जाळी वाटेवर आडवी, चेहऱ्याच्या उंचीला ताणलेली असतात. एखादं जाळं असणं समजण्यासारखं आहे. पण लागोपाठ तीन-चार अखंड जाळी तोंडावर आली तर निदान काही दिवस तिथून माणूस गेलेला नाही.

मग खाली बघा. सावलीतल्या दगडांवर शेवाळ आणि दगडफुलाचे ठिपके असतात. पायवाटेवरच्या दगडाचा मधला भाग पावलांनी घासून गुळगुळीत, काळसर झालेला असतो आणि तिथे दगडफूल उरत नाही. पावसात हेच दगड सगळ्यात निसरडे, हे चालताना लक्षात ठेवा. ढोरवाटेवर खुरांनी दगडांच्या कडांना पांढुरके ओरखडे येतात, माती उकरली जाते, गोटे हलतात. आणि सर्वांत खात्रीची खूण म्हणजे रचाई. वळणावर वाटेची बाहेरची कड ढासळू नये म्हणून लावलेले दगड, चढावर पायरीसारखे बसवलेले दोन-चार धोंडे, शेंदूर लावलेला दगड, जुनी पाण्याची टाकी, कातळात पावलापुरती कोरलेली खोबणी. हे गुरं करत नाहीत. जुनी गडवाट किंवा घाटवाट मध्येच मोडलेली असली तरी दहा-पंधरा मिनिटांत अशी एखादी खूण द्यायला हवी. एकही खूण न देता वाट अर्धा तास चालली तर संशय घ्या.

दगडांच्या छोट्या लगोऱ्या आणि झाडांवरचे रंगीत बाण मात्र जपून वापरा. बाण कुठल्या गावाकडे नेणारा आहे ते बऱ्याचदा लिहिलेलं नसतं, आणि लगोऱ्या हौसेनेही रचल्या जातात. ग्रुपमधल्या कुणालाही गंमत म्हणून लगोरी रचू देऊ नका. पुढच्या ग्रुपला ती खूण वाटते.

ढोरवाट नसूनही फसवणाऱ्या आणखी तीन गोष्टी रानात असतात. वनखात्याने पाणी मुरवण्यासाठी उतारावर खणलेले सलग समतल चर काही वर्षांत गाळाने भरतात आणि वर गवत येतं. मग ती अगदी सपाट, आडवी, सुबक वाट वाटते. ओळखायची खूण म्हणजे तिच्या खालच्या कडेला खणलेल्या मातीचा बांध असतो आणि तिची उंची तसूभरही बदलत नाही. दुसरी जाळरेषा. वणवा पसरू नये म्हणून गवत काढून किंवा जाळून मोकळा केलेला पट्टा काही मीटर रुंद असतो, डोंगराच्या धारेवरून सरळसोट जातो, चढउताराची पर्वा करत नाही. तिसरी मोळीची किंवा कारवीची वाट. कुडाच्या भिंतींसाठी कारवी तोडायला माणसं रानात शिरतात, त्यामुळे या वाटेवर माणसांच्या सगळ्या खुणा दिसतात, छाटलेल्या फांद्यासुद्धा. पण ती कारवीच्या दाटीत जाऊन संपते. तिथे नडगीच्या उंचीला तिरके तोडलेले खुंट उरलेले असतात, टोकदार. त्यावर कुणी घसरून पडला तर जखम खोल होते, म्हणून अशा ठिकाणी ग्रुपला रेटत पुढे न्यायचं नाही, तिथूनच मागे वळायचं.

ऋतूप्रमाणे हे सगळं बदलतं. भर पावसात पायवाटेवरूनच पाणी वाहतं आणि ओहोळ वाटेसारखा दिसतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात गवत कमरेच्या वर जातं, मग खालचं काही दिसतच नाही, ग्रुप पायाला लागेल त्या चाकोरीवर जातो आणि चाकोरी बहुधा गुरांची असते. डिसेंबरनंतर गवत वाळून बसतं तेव्हा वाटा स्वच्छ दिसतात, पण सगळ्याच.

चढताना ढोरवाटेला लागलात तर सहसा वेळ वाया जातो, एवढंच. वर जाताना सोंडा आणि धारा एकत्र येत जातात, चूक दिसते. उतरताना उलट होतं. एकेक धार फुटत जाते, फाटे आता दोन्ही हातांना असतात, पाय थकलेले, गाडीची वेळ झालेली. अशा वेळी ढोरवाट पदरावर नेते आणि गवतात हरवते. खाली कडा असतो. मग कुणीतरी म्हणतं, "ओढा धरून उतरू, खाली गावातच जाईल." हा सर्वांत धोक्याचा सल्ला आहे. ओढा गावात जातो खरा, पण वाटेत तो कड्यावरून पडतो. उन्हाळ्यात तिथे पाणी नसतं म्हणून वरून धबधबा ओळखू येत नाही. दोन टप्पे घसरत उतरल्यावर तिसरा चाळीस फुटांचा निघाला तर मागचे दोन परत चढता येत नाहीत, आणि माणसं मधल्या टप्प्यावर अडकतात.

पदरावर फिरणारी ढोरवाट डोंगराला वळसा घालून पुन्हा पहिल्या जागी आणते, हेही नेहमी घडतं. "चकवा लागला" म्हणतात त्यातला बराच भाग हाच. हरिश्चंद्रगडावर तोलार खिंडीतून वर आल्यावर मंदिराकडे जाताना लहानमोठ्या टेकाडांच्या पठारावर बालेकिल्ल्याच्या आसपास माणसं अशीच फिरत राहतात, धुक्यात तर हमखास.

मोबाइलच्या नकाशावर आपली जागा दाखवणारा ठिपका इथे अर्धीच मदत करतो. दाट झाडीत आणि अरुंद नाळेत तो वीस-तीस मीटर इकडेतिकडे होतो, आणि सह्याद्रीत तेवढ्या अंतरात पदर आणि कडा दोन्ही बसतात. १:५०,००० च्या सरकारी नकाशावर समोच्च रेषा (एकाच उंचीच्या जागा जोडणाऱ्या) २० मीटर उंचीच्या अंतराने असतात, पंधरा मीटरचा कडा त्यांच्यामध्ये लपून राहू शकतो. त्यामुळे ठिपक्यापेक्षा उंचीचा आकडा बघा. वाट जिथे चढत जायला हवी तिथे तुम्ही पंधरा मिनिटं एकाच उंचीवर चालत असाल, तर तुम्ही गुरांबरोबर निघालेले आहात.

ग्रुप मोठा असला की चूक वाढते, कारण पंचवीस जण गेले की कच्ची ढोरवाट पक्की वाटू लागते, आधी शेवटच्यांना आणि पुढच्या रविवारी दुसऱ्या ग्रुपला. म्हणून फाट्यावर सगळ्यांनी थांबायचं. शेवटचा माणूस येऊन डोकी मोजल्याशिवाय कुणी पुढे जायचं नाही. खात्री नसेल तर लीडर आणि आणखी एक जण असे दोघेच पुढे जाऊन बघतील, हाकेच्या टप्प्यात, जास्तीत जास्त दहा मिनिटं. बाकीचे जागेवर बसतील आणि कुणीही "मी जरा इकडे बघतो" करणार नाही. दोघांना खूण सापडली नाही तर सगळा ग्रुप शेवटच्या खात्रीच्या खुणेपर्यंत मागे येईल, मग ती अर्ध्या तासावर का असेना. ज्या फाट्यावर चुकीची वाट जास्त ठळक दिसते तिथे तिच्यावर एक वाळकी फांदी आडवी टाका. रानात चालणाऱ्याला त्याचा अर्थ कळतो. परत त्याच वाटेने यायचं असेल तर जाताना प्रत्येक फाट्यावर मागे वळून परतीच्या बाजूने फोटो काढा. सकाळी सरळ वाटलेली वाट संध्याकाळी उलट बाजूने फाट्यासारखी दिसते.

गुराखी भेटला तर त्याच्याइतकं नेमकं कुणी सांगू शकत नाही, पण प्रश्न नीट विचारायला हवा. "मामा, ही वाट गडावर जाते ना?" असं विचारलं की उत्तर "हो, जाते" येतं, कारण त्यांच्या पायांना ती जातेच. "मामा, गडाला माणसं कुठून जातात? ओझं घेऊन बाया जातात ती वाट कुठली?" असं विचारा. "तिकडून ढोरं जात्यात" किंवा "ती वाट मोडलीय" असं उत्तर आलं तर ते नकारच समजा. "अर्धा तास" म्हणाले तर ग्रुपसाठी एक तास धरा. गावातून वाटाड्या घेतला तर उत्तमच, आणि त्याची बिदागी निघण्याआधी ठरवून टाका.

एका बाबतीत मात्र ढोरवाट पायवाटेपेक्षा खात्रीची: अंधार पडायच्या आत फक्त वाडी गाठायची असेल तेव्हा. गुरं संध्याकाळी गोठ्यात परततात आणि त्यांच्या वाटा गोठ्याकडे जाताना एकमेकींत मिसळत जातात. चालताना बाजूच्या वाटा येऊन आपल्या वाटेत मिळतायत, वाट रुंद होतेय, धूळ बारीक होतेय, तर वाडी पुढे आहे. वाट पुढे पुढे फुटत आणि बारीक होत चालली असेल तर तुम्ही चराईकडे निघालात, तिथेच उलट फिरा. ठशांचीही मदत होते. बैलाच्या दुभंगलेल्या खुराचं निमुळतं टोक चालण्याच्या दिशेला असतं, आणि ज्यांच्या कडा अजून ढासळल्या नाहीत असे ओलसर ठसे बहुतेक सगळे एकाच बाजूला वळलेले असतील तर ती संध्याकाळी घराकडे गेलेली गुरं असतात.