सिमला ऑफिस ते पॅसिफिक: समुद्राच्या संथ चक्रांची पार्श्वभूमी

शिवाजीनगरच्या चौकाचे ‘सिमला ऑफिस’ हे नाव पुणेकरांच्या इतके अंगवळणी पडले आहे की ते तिथे कसे आले, असे सहसा कोणी विचारत नाही. १९२८ साली हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यात हलले आणि नावही मागोमाग आले. त्याआधी, १९०४ ते १९२४ या काळात खात्याचे प्रमुख असलेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी कारकुनांकडून हाताने आकडेमोड करून घेऊन एक मेळ शोधला होता: पॅसिफिकच्या पूर्वेकडे हवेचा दाब चढला की हिंदी महासागरावर तो उतरतो, आणि याच्या उलटही घडते. त्याला त्यांनी ‘दक्षिणी आंदोलन’ म्हटले. मात्र त्यामागे समुद्राच्या पाण्याचे तापमान आहे, हे १९६९ मध्ये हवामानशास्त्रज्ञ याकोब ब्यर्कनेस यांनी मांडेपर्यंत कारण अंधारातच राहिले. एल निनोच्या, म्हणजे मध्य आणि पूर्व विषुववृत्तीय पॅसिफिकचे पाणी नेहमीपेक्षा जास्त तापते त्या वर्षी भारतात पाऊस बहुधा कमी पडतो, हे १९८० मध्ये दाखवणारे डी. आर. सिक्का पुढे पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे संचालक झाले.

पण हे गणित दर वेळी जुळेना. १९९७ चा एल निनो विसाव्या शतकातल्या सर्वांत प्रबळ एल निनोंपैकी एक होता, तरी देशात पाऊस सरासरीपेक्षा किंचित जास्तच झाला. २००२ चा एल निनो मध्यम होता आणि पाऊस १९ टक्क्यांनी घटला. १९९७ च्या पावसाचे श्रेय हिंदी महासागराच्या पूर्व आणि पश्चिम भागांतल्या तापमानाच्या फरकाला पुष्कळसे दिले जाते, परंतु काही दशके एल निनो आणि मॉन्सूनचे नाते घट्ट आणि काही दशके सैल का असते, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

तिथे समुद्राच्या तापमानाची, दशकानुदशके चालणारी संथ चक्रे पुढे आली. पॅसिफिकमधल्या दशकी आंदोलनाचे नाव १९९० च्या दशकात रूढ झाले, तेही अलास्काच्या सॅमन माशांच्या आवकेतले चढउतार तपासताना, ही गंमतच. त्याच्या उष्ण अवस्थेत मध्य आणि पूर्व विषुववृत्तीय पॅसिफिकचे पाणी वर्षानुवर्षे गरम राहते, वर चढणारी हवा पूर्वेकडे सरकते आणि आपल्याकडे ती खाली उतरू लागते. अशा काळात एल निनो आला तर पावसाची तूट अधिक होण्याचा कल दिसतो. अटलांटिकचे चक्र सुमारे ६०-७० वर्षांचे मानतात. उत्तर अटलांटिक तापला की युरेशियावरची वरच्या थरांतली हवाही तापते, तिचा दक्षिणेकडच्या हवेशी तापमानाचा फरक वाढतो आणि मोसमी वारे बळावतात.

हे पडताळायचे तर जुनी नोंदवही लागते. रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातले पाणी मोजपात्रात ओतून टिपलेल्या आकड्यांवरून देशाच्या पावसाची मालिका १८७१ पासून उभी राहिली आहे. त्यात ६०-७० वर्षांची आवर्तने जेमतेम दोन-अडीच बसतात. त्यातही पश्चिम हिंदी महासागर १९०१ ते २०१२ या काळात उन्हाळ्यात सुमारे १.२ अंश सेल्सिअसने तापला आहे, आणि ही वाढ चक्राची किती व माणसाने केलेल्या तापमानवाढीची किती, हे वेगळे केल्याशिवाय जुन्या दशकांचा दाखला पुढच्या दशकांना जसाच्या तसा लावता येत नाही.